लाल सफरचंद की मॉकिंगजे?

बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला प्रतीक म्हणजे काय हे व्याख्या न शिकवता कळावं, म्हणून एखादी डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्यातल्या समाजाची, कादंबरी शोधत असाल, तर दोन नावं हमखास समोर येतात. लोइस लाउरींची ‘द गिव्हर’ (१९९३) आणि सुझान कॉलिन्सची ‘द हंगर गेम्स’ (२००८). माझा कौल आधी ‘द गिव्हर’ला. ते छोटं आहे म्हणून नव्हे, तिथली प्रतीकं प्रतीकासारखी दिसत नाहीत म्हणून.

‘गिव्हर’चा नायक जोनस मित्राबरोबर सफरचंद फेकाफेकी खेळत असतो. हवेतल्या हवेत ते क्षणभर बदलतं. काय बदललं? त्याला सांगता येत नाही. ज्या वस्तीत रंगच उरलेले नाहीत, तिथे ‘लाल’ हा शब्द कुठून येणार! तो सफरचंद घरी नेतो, भिंगाखाली धरतो, हाती काही लागत नाही. लेखिका वाचकालाही जवळजवळ निम्म्या पुस्तकापर्यंत तो शब्द देत नाही.

त्याहून मला आवडतं ते जॅकेट. वस्तीतल्या चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या जॅकेटची बटणं पाठीवर असतात. एकट्याला ती लावता येत नाहीत, एकमेकांची मदत घ्यावीच लागते. सातव्या वर्षी बटणं पुढे येतात, नवव्या वर्षी सायकल मिळते. मुलांना विचारून पाहा, ही पाठची बटणं चांगली की वाईट? बरीच मुलं आधी ‘चांगली’ म्हणतील, आणि तिथूनच खरी चर्चा सुरू होते.

‘हंगर गेम्स’मध्ये असं चाचपडावं लागत नाही. मॉकिंगजे हा पक्षी पहिल्यापासूनच डोळ्यांत भरतो. पण त्याची जन्मकथा झकास आहे. बंडखोरांची बोलणी चोरून ऐकायला कॅपिटॉलने, म्हणजे राज्य करणाऱ्या राजधानीने, जॅबरजे नावाचे नर पक्षी घडवले; बंडखोरांनी त्यांनाच खोटंनाटं पढवून परत धाडलं. मग निकामी ठरलेले ते नर रानात मरायला सोडले, तर त्यांनी मॉकिंगबर्डच्या माद्यांशी जोड्या जमवल्या. त्यातून जन्मला मॉकिंगजे, म्हणजे कॅपिटॉलला कधीच नको असलेला पक्षी. नायिका कॅटनिसच्या छातीवर मात्र तो मैत्रीण मॅजने दिलेली एक पिन म्हणूनच येतो. अर्थ नंतर लोक चिकटवतात. प्रतीक कसं तयार होतं आणि कोण वापरतं, हे दाखवायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. पावाचा धागाही पक्का आहे: बेकरीवाल्याचा मुलगा पीटाने कॅटनिसकडे फेकलेला करपलेला पाव, रिंगणातली तिची छोटी साथीदार रूच्या मृत्यूनंतर रूच्या अकराव्या डिस्ट्रिक्टने पाठवलेला पाव, आणि देशाचं नावच पॅनेम, रोमन कवी जुव्हेनलच्या ‘पाव आणि खेळ’ या शब्दांतलं.

हिंसेचं म्हणाल, तर ‘हंगर गेम्स’मध्ये २४ मुलं एकमेकांना मारायला रिंगणात उतरतात, हे तर पहिल्यापासून माहीत असतं. ‘गिव्हर’ बेसावध गाठतं. ‘मुक्त करणं’ या गोड शब्दाचा अर्थ उघडतो ते प्रकरण आधी स्वतः वाचून ठेवा. हळव्या मुलाबरोबर ते एकत्रच वाचलेलं बरं. पुस्तक हातात धरायलाच कंटाळा करणारं मूल असेल, तर माझा कौल बाजूला ठेवून सरळ कॅटनिसकडे जा.

‘गिव्हर’ संपल्यावर ‘शेवटी नक्की काय झालं?’ असं मूल विचारेलच. उत्तर देऊ नका; जोनसला मिळालेली पहिली आठवण कोणती होती, ते पान काढून द्या. तिथे बर्फ आहे, उतार आहे आणि एक घसरगाडी आहे.