डायोरामाची जमीन: पीओपी की कागदाचा लगदा?

डायोरामा म्हणजे मॉडेल जमिनीसकट मांडलेला छोटा देखावा. रणगाड्याचं वगैरे मॉडेल तयार आहे, थर्माकोलचा बेस कापून झालाय, आता त्यावर जमीन कशाची करायची इथं अडलेल्यांसाठी हे लिहितोय. गावातल्या दुकानांतून सहज मिळणारं सामान धरलं तर खरी निवड दोघांतच आहे: पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) किंवा कागदाचा लगदा. शाडू वाळताना तडकतो आणि थर्माकोलला धरून राहत नाही. वॉल पुट्टी पातळ हातानं छान बसते, पण जाड थर दिला की भेगा पडतात. ती शेवटचा हात फिरवायला ठेवा.

मी दोन्ही प्रकारांनी बेस केलेत आणि आता पीओपीचा डबा खडकांपुरताच उघडतो. तुमचा स्केल (मॉडेल खऱ्या वस्तूच्या कितवा भाग आहे ते प्रमाण) आणि विषय वेगळा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

आधी पीओपीचं चांगलं सांगतो, कारण ते पुष्कळ आहे. साताऱ्यात दिवाळीचा किल्ला ज्यानं केलाय त्याला गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरायची रीत माहीत आहे. त्याच रीतीनं जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या पीओपीत बुडवून तारेच्या जाळीवर टाकल्या की तासाभरात डोंगर उभा राहतो. तो आकसत नाही. उलट सेट होताना किंचित फुगतो, त्यामुळे कोपरे भरून येतात.

कडा करायचा असेल तर पीओपीला तोड नाही. प्लॅस्टिकच्या कागदावर पातळ लादी ओता, सेट झाली की हातानं मोडा, आणि मोडलेली बाजू बाहेर ठेवून तुकडे एकावर एक चिकटवा. अजिंक्यताऱ्याचा किंवा सज्जनगडाचा कडा खालून नीट पाहिलात तर कळेल की सह्याद्रीचा बेसाल्ट असाच आडव्या थरांत रचलेला आहे, उभा कडा, मग उताराची पट्टी, मग पुन्हा कडा. मोडलेल्या पीओपीची धार तशीच दिसते. लगद्यात हे जमत नाही, कितीही कोरा, कडा बोथटच राहते.

पीओपी लवकर पकडतं ही तक्रार सगळेच करतात. दहा मिनिटांत हात आवरावा लागतो हे खरं, पण पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं की थोडी सवड मिळते. तेवढ्यासाठी मी पीओपी सोडलं नसतं.

सोडलं ते पांढऱ्या टवक्यापायी. रंगवून झालेला बेस कडेला कुठं टेकला, झाडाची तार बसवायला टोच्यानं भोक पाडलं, कुंपणाचा खांब दोन सूत सरकवला, की टवका उडतो आणि आतून पांढरंफेक पीओपी डोळ्यांत भरतं. तपकिरी जमिनीवर मोहरीएवढा पांढरा ठिपकासुद्धा आधी तोच दिसतो, रणगाडा नंतर. बरं, त्यावर उरलेला रंग लावून भागत नाही. उघडं पीओपी रंगातलं पाणी झटकन शोषून घेतं, भोवतालचा रंगवलेला भाग घेत नाही, त्यामुळे डाग एकतर फिका उठतो नाहीतर गडद. मग तेवढ्यासाठी आजूबाजूचा वीतभर भाग पुन्हा रंगवा, पुन्हा धूळ मारा, आणि तोवर गवत खराब झालेलं असतं. भिजवतानाच रंग कालवून पाहा असं कुणी सुचवेल. मीही कालवतो. टवका पांढऱ्याऐवजी बदामी दिसतो, एवढाच फरक. रंग वाढवत नेला की पीओपी ठिसूळ होतं आणि बोटाला भुकटी लागायला लागते. बेस घरात काचेखाली राहणार असेल तर हा त्रास कदाचित तुम्हाला होणारही नाही. पण गाडीवर पुढं घेऊन गतिरोधक पार करत बेस कुठं दाखवायला न्यायचा असेल, तर पोचल्यावर पहिलं काम टवके शोधायचं असतं.

लगद्यात रंग आरपार असतो. टवका सहसा उडत नाही, आणि उडालाच तर खालूनही मातीच दिसते. माझ्यासाठी निकाल इथंच लागला.

वर्तमानपत्रापेक्षा अंड्यांचे ट्रे घ्या. ते मुळात लगद्याचेच असतात, लवकर विरघळतात आणि रंगानं करडे असतात. फाडून रात्रभर गरम पाण्यात भिजवा, स्वयंपाकातून बाद झालेल्या मिक्सरमध्ये भरपूर पाण्याबरोबर फिरवा आणि फडक्यातून पिळून घ्या. दोन वाट्या लगद्याला अर्धी वाटी फेविकॉल, वाटीभर चाळलेली माती आणि हवा तो अॅक्रिलिक रंग. थालीपीठ थापताना पीठ जेवढं सैल असतं तेवढं ठेवा.

माती मी माहुलीच्या संगमाजवळून कृष्णाकाठचा पोयटा आणतो आणि मैद्याच्या चाळणीनं चाळतो. चाळणं टाळू नका: १/३५ स्केलमध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड. चाळलेली माती जुन्या तव्यावर चांगली भाजा. न भाजलेल्या मातीतलं बी ओल्या लगद्यात रुजतं आणि रंगवलेल्या जमिनीतून हिरवा कोंब वर येतो.

लगद्याच्याही खोडी आहेत. तो वाळताना आकसतो आणि बेसचे कोपरे वर उचलतो. थर तीन-चार मिलिमीटरचाच द्या, उंची थर्माकोलनं साधा, आणि थर्माकोलखाली फळी असेल तर तिच्या खालच्या बाजूलाही फेविकॉल-पाण्याचा हात मारा. उन्हात ठेवू नका, सावलीत वाळू द्या. पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही आणि बुरशी धरतो. बुकबाइंडर खळीत घालतात तसं चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून घातलं की बुरशी आवरते. मात्र ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांपासून दूर ठेवा. मी जमिनीचं काम दिवाळीनंतर काढतो. जुलै-ऑगस्टमध्येच बेस पुरा करायचा असेल तर पीओपीशिवाय इलाज नाही असं माझं मत आहे. आणखी एक, लगद्याचे तंतू वर उभे राहतात. १/३५ मध्ये ते गवतात खपून जातात, १/७२ मध्ये दोरखंडाएवढे दिसतात. लहान स्केलच्या सपाट जमिनीला, धावपट्टीला वगैरे, पीओपी बरं.

चिखल करायचा असेल तर मात्र मी दुसरा विचारही करणार नाही. सध्या हातात पंजाबातल्या खेमकरणचा प्रसंग आहे, सप्टेंबर १९६५, असल उत्तरची लढाई. भारतीय सैन्यानं कालव्याचं पाणी शेतांत सोडलं, उभ्या उसाच्या आडोशाला रणगाडे ठेवले, आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या चिखलात रुतले. तिथली माती नद्यांच्या गाळाची, बारीक आणि बिनखड्याची, आपल्या बेसाल्टच्या मातीपेक्षा बरीच फिकी. म्हणून पोयटा फक्त पोतासाठी घेतला, रंग राखाडी-तपकिरी कालवला. रणगाडा हातभर रुतलेला दाखवायचा तर या स्केलला सेंटिमीटरभर खोल जावं लागतं. त्यासाठी थर्माकोलमध्येच चर कापून घेतला आणि आत पातळ लगदा लिंपला. पॅटन पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यात दाबला, थोडा मागेपुढे हलवला, उचलला. मग कडेला उसळलेला चिखल बोटानं सारखा करत बसलो. उरलेल्या ट्रॅकच्या (रणगाड्याच्या साखळीपट्ट्याच्या) तुकड्यानं पाठीमागची चाकोरी उठवली. एका बाजूचा ठसा पसंत पडला नाही, तर संध्याकाळी ओलं बोट फिरवून पुसला आणि पुन्हा उठवला. तोवर लगदा मऊच होता. पीओपीत ही सवड व्हिनेगर घालूनही मिळत नाही.

या चाकोऱ्यांत पाणी म्हणून इपॉक्सी रेझिन ओतायचं आहे. त्याआधी फेविकॉल-पाण्याचे दोन हात देऊन पृष्ठभाग बंद करावा लागतो, नाहीतर सच्छिद्र जमिनीतली हवा बुडबुडे होऊन वर येते. पीओपीलाही हे करावं लागतंच. लगद्याच्या बाबतीत आतली ओल आधी तपासा. चर सकाळी हाताच्या मागच्या बाजूनं चाचपून पाहा. भोवतालच्या पूर्ण वाळलेल्या लगद्यापेक्षा गार लागला तर आत अजून पाणी आहे, आणि त्यावर ओतलेलं रेझिन दुधाळ होतं. गारवा जाईपर्यंत रेझिनची बाटली उघडू नका.