ब्रेक्झिटनंतरचे ब्रिटन: बाहेर राहावे, जवळ सरकावे की पुन्हा आत जावे?

२३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात ब्रिटनच्या ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन औपचारिकरीत्या बाहेर पडले. वाद मात्र मिटला नाही, त्याचे रूप तेवढे बदलले. आता प्रश्न असा आहे की बाहेरच राहावे, संघाच्या जवळ सरकावे की पुन्हा सदस्यत्व मागावे. ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही, कारण राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून त्याला तेथील संसदेच्या निवडणुकीत मत देता येते आणि २०१६ च्या सार्वमतातही देता आले होते. ज्या मतदाराचे मत अद्याप पक्के झालेले नाही, त्याच्यासाठी हा आढावा आहे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे तपासताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यायला हवी. राहण्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा आर्थिक होता, तर बाहेर पडण्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा निर्णयाच्या अधिकाराचा होता. एकाने किंमत सांगायची आणि दुसऱ्याने हक्क सांगायचा, असा हा वाद झाल्यामुळे दोघांची उत्तरे एकमेकांना क्वचितच भिडली. शिवाय ही विभागणी डावी-उजवी अशी सरळ कधीच नव्हती. १९७५ च्या पहिल्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात राहण्याचा कौल दिला, त्या वेळी उजव्या हुजूर पक्षाच्या नेत्या मार्गारेट थॅचर राहण्याच्या बाजूने प्रचार करत होत्या आणि मजूर पक्षाचे डावे नेते टोनी बेन लोकशाहीच्या नावाने बाहेर पडण्याचा आग्रह धरत होते.

आर्थिक बाजूवर दोन्ही पक्षांनी २०१६ मध्ये अतिशयोक्ती केली. बाहेर पडण्याच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेला, दर आठवड्याला ३५ कोटी पौंड संघाला जातात हा आकडा ब्रिटनला मिळणारी सवलत वजा न करता दिलेला होता आणि देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो दिशाभूल करणारा ठरवला. दुसरीकडे, नुसता कौल लागताच मंदी येईल आणि सुमारे पाच लाख नोकऱ्या जातील, हे अर्थखात्याचे भाकीतही खरे ठरले नाही. मंदी न आल्यामुळे नुकसानच झाले नाही असा निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि तो माझ्या मते चुकीचा आहे. नुकसान एका झटक्यात झाले नाही, ते हळूहळू झिरपले. सरकारपासून स्वतंत्रपणे अंदाज बांधणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या संस्थेने असे गृहीत धरले आहे की संघात राहिले असते तर जी उत्पादकता असती, तिच्या तुलनेत ती दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, आणि आयात-निर्यात सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरेल. २०२१ पासून लागू झालेल्या व्यापार करारामुळे उत्पत्तीच्या नियमांत बसणाऱ्या मालावर आयातशुल्क लागत नाही, हे खरे. परंतु सीमाशुल्काची कागदपत्रे, प्राणिजन्य पदार्थांची आरोग्य प्रमाणपत्रे आणि माल कोठे तयार झाला याचे पुरावे द्यावे लागतात. मोठी कंपनी यासाठी वेगळा विभाग नेमू शकते. चीज किंवा शिंपले विकणाऱ्या लहान उद्योजकाला मात्र युरोपातले ग्राहक सोडून द्यावे लागतात.

या नुकसानीसमोर बाहेर राहण्याचा समर्थक नव्या करारांकडे बोट दाखवतो, आणि त्यातला एक करार मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात सर्वंकष व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. भारतातून जाणाऱ्या सुमारे ९९ टक्के वस्तुप्रकारांवरचे शुल्क त्यानुसार हटवायचे आहे आणि भारतात येणाऱ्या व्हिस्कीवरचे १५० टक्के शुल्क प्रथम ७५ टक्के आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्के व्हायचे आहे. संघाचा सदस्य असताना ब्रिटनला असा स्वतंत्र करार करताच आला नसता, म्हणून हे श्रेय प्रामाणिकपणे द्यायला हवे. अमेरिकेने २०२५ मध्ये आयातशुल्क वाढवले तेव्हाही ब्रिटनला १० टक्क्यांचा आणि संघाला १५ टक्क्यांचा सर्वसाधारण दर मिळाला. तरीही प्रमाण पाहावे लागते. भारताबरोबरच्या करारातून दीर्घकाळात वर्षाला सुमारे ४.८ अब्ज पौंडांचा लाभ होईल असे ब्रिटिश सरकारच सांगते, आणि तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक दशांश टक्क्याच्या आसपास आहे. ब्रिटनच्या निर्यातीपैकी सुमारे चाळीस टक्के अजूनही शेजारच्या युरोपीय संघातच जाते.

अधिकाराच्या मुद्द्यावर तराजूचे दुसरे पारडे जड होते, असे मला वाटते. परक्या बहुमताने ठरलेले नियम पाळावे लागू नयेत आणि आपण निवडलेल्या प्रतिनिधींना आपल्याला बदलता यावे, ही अपेक्षा क्षुल्लक नाही. बाहेर पडल्यावर सॅनिटरी पॅडवरचा मूल्यवर्धित कर रद्द झाला, कत्तलीसाठी जिवंत जनावरांच्या निर्यातीवर २०२४ मध्ये बंदी आली आणि २०२५ च्या जानेवारीपासून खासगी शाळांच्या शुल्कावर कर लागू झाला. यातले सगळेच निर्णय सर्वांना पटणार नाहीत, पण ते लंडनमध्ये झाले आणि त्यांचा जाब लंडनमध्येच विचारता येतो. त्याच वेळी हेही खरे की हाती आलेला अधिकार बराचसा वापराविना राहिला. संघाच्या काळातले हजारो कायदे एकदम निकालात काढण्याची घोषणा झाली होती. २०२३ मध्ये प्रत्यक्षात सुमारे ६०० कायदे रद्द झाले आणि बाकीचे चालू राहिले. यातून अधिकाराचा मुद्दा खोटा ठरत नाही, मात्र युरोपचे बहुतेक नियम जाचक होते हा दावा निश्चितच कमकुवत होतो.

स्थलांतराच्या प्रश्नात आपल्या लोकांचे हितसंबंध थेट गुंतलेले आहेत आणि ते दोन दिशांना ओढतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टच्या बळावर हजारो गोमंतकीय कुटुंबे स्विंडन, साउथहॉल आणि लेस्टर येथे जाऊन स्थिरावली. २०१६ मध्ये भविष्य पणाला लागले होते ते त्यांचे, पण पोर्तुगीज नागरिक असल्यामुळे सार्वमतात त्यांना मत नव्हते. शेजारी भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याला मात्र होते. २०२० च्या अखेरीस मुक्त संचार, म्हणजे पोर्तुगालसारख्या सदस्य देशाच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये व्हिसाविना राहण्याचा व काम करण्याचा हक्क, संपला आणि त्यानंतर पणजीहून किंवा मडगावहून लिस्बनमार्गे ब्रिटनला जाण्याची ती वाट बंद झाली. याउलट २०२१ च्या गुणाधारित व्हिसा पद्धतीत पुण्याच्या संगणक अभियंत्याला आणि पोलंडच्या अभियंत्याला एकच नियम लागू झाला. बाहेर पडण्याच्या बाजूच्या काही नेत्यांनी दक्षिण आशियाई उपाहारगृहांना आचारी आणणे सोपे होईल असे सांगून मते मागितली होती. पुढे भारतातून येणारे विद्यार्थी आणि कर्मचारी वाढले, निव्वळ स्थलांतर २०२३ मध्ये नऊ लाखांच्या घरात गेले, आणि स्थलांतर घटेल या आशेने मत दिलेल्यांचा रोष भारतीयांसारख्या नव्याने आलेल्यांकडे वळला. कुशल कामगारासाठीची किमान पगाराची अट एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंडांवर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर गेली, तसेच परदेशातून काळजीवाहक भरती करण्याचा मार्ग बंद झाला. म्हणून युरोपीय मुक्त संचार बंद झाल्यामुळे भारतीयांना कायमचे दार उघडे राहील, या समजुतीवर आज मत ठरवू नये.

उत्तर आयर्लंडबद्दल थोडक्यात एवढेच सांगता येईल की १९९८ च्या शांतता करारामुळे आयर्लंड बेटावर, ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि संघात राहिलेला आयर्लंड देश यांच्यामध्ये, कडक सीमा उभी करणे कोणालाच मान्य नव्हते, आणि त्यामुळे तपासणी समुद्रावर, म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांमध्ये आली. २०२३ च्या विंडसर आराखड्याने ती सौम्य केली आहे, संपवलेली नाही.

पुढच्या पर्यायांपैकी संपूर्ण पुनर्प्रवेश हा २०१६ च्या जागी परत जाण्याचा मार्ग नाही. त्यासाठी प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते, आणि थॅचर यांनी १९८४ मध्ये मिळवलेली वर्गणीतील सवलत किंवा युरो चलनापासूनची सूट पुन्हा मिळेल असे मानण्याला आधार नाही. सध्याच्या मजूर पक्षाच्या सरकारने मे २०२५ मध्ये संघाशी अन्नपदार्थांच्या तपासण्या कमी करण्याबाबत सहमती केली आणि त्याच वेळी मासेमारीचे हक्क २०३८ पर्यंत दिले. ही पावले उपयुक्त आहेत, पण लहान आहेत. तुर्कस्तानप्रमाणे कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे संघाशी सामाईक सीमाशुल्काच्या व्यवस्थेत, जाणे हा सुटसुटीत मधला मार्ग म्हणून मांडला जातो. त्यातली अडचण अशी की तेथे बाहेरच्या देशांसाठी संघाचेच शुल्कदर लागू होतात, त्यामुळे भारताबरोबरच्या करारातील शुल्ककपात ब्रिटनला टिकवता येणार नाही.

मला नॉर्वेचा मार्ग सर्वाधिक विचारार्ह वाटतो. नॉर्वे संघाच्या एकसंध बाजारपेठेत, म्हणजे समान नियमांवर चालणाऱ्या व्यापारक्षेत्रात, आहे, पण कस्टम्स युनियनमध्ये नाही, आणि म्हणूनच स्वित्झर्लंड, आइसलँड व लिक्टेनश्टाइन यांच्यासह त्याने मार्च २०२४ मध्ये भारताशी स्वतंत्र व्यापार करार केला. ब्रिटनने हा मार्ग घेतला तर व्यापाराचे बरेचसे नुकसान भरून निघेल आणि दिल्लीशी झालेला करारही राहील. मात्र त्यासाठी मुक्त संचार पुन्हा मान्य करावा लागेल, संघाला पैसे द्यावे लागतील आणि जे नियम ठरवताना मत नाही ते पाळावे लागतील. ज्या मतदाराला निर्णयाचा अधिकार सर्वांत मोलाचा वाटतो, त्याने हा मार्ग नाकारून आजच्या करारातच राहणे अधिक सुसंगत ठरेल.