व्हिसा खरा होता, तरीही फसवणूकच

वाशी, बेलापूर किंवा ठाणे स्टेशनच्या परिसरात 'युरोप वर्क परमिट, शंभर टक्के गॅरंटी' असा बोर्ड बघून कोणी पैसे भरायच्या बेतात असेल, तर त्याने हे शेवटपर्यंत वाचावं. माझ्या पासपोर्टवर लागलेला व्हिसा बनावट नव्हता. तो रीतसर अर्ज करून, बोटांचे ठसे देऊन मिळालेला खरा शेंगेन व्हिसा होता, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा. लोकांना समजावताना नेमकी तिथेच अडचण येते. ज्याला सांगायला जावं तो म्हणतो, "अरे, व्हिसा तर मिळाला ना, मग फसवलं कुठे?"

मी एसी-चिलरचा टेक्निशियन आहे. महापेला एका डेटा सेंटरवर शिफ्ट ड्युटी करतो, राहायला कोपरखैरण्याला. वडील एपीएमसीत माथाडी होते, गाव पाटण तालुक्यात. आमच्या गावातली काही मुलं २०२१-२२ च्या सुमारास पोर्तुगालला गेली. कोणी हॉटेलच्या किचनमध्ये, कोणी डिलिव्हरीवर, कोणी बेरीच्या शेतांवर लागलं. आज त्यांच्याकडे तिथलं कार्ड, म्हणजे रहिवासी परवाना आहे, गावात त्यांची घरं उभी राहिलीत. त्यामुळे आमच्या घरी पोर्तुगाल हे नाव परकं नव्हतं, आणि एजंटांना हे पक्कं ठाऊक असतं. सातारा, सांगलीकडची मुलं कुणाची उदाहरणं डोळ्यापुढे ठेवून येतात, हे त्यांनी हेरलेलं असतं.

वाशी स्टेशनजवळच्या एका टॉवरमध्ये त्यांचं ऑफिस होतं. आत गेल्या गेल्या समोरच्या भिंतीवर फ्रेमा लावलेल्या : गुमास्ता लायसन्स, जीएसटी सर्टिफिकेट, उद्यम रजिस्ट्रेशन आणि मध्ये युरोपचा नकाशा. समोर बसलेल्या ताई अस्खलित मराठीत बोलायच्या. "आपला मराठी मुलगा मागे का राहावा, सर?" हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर तरी सगळ्यांना ऐकवलं. एकूण ठरले ४ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशनचे ५० हजार, ऑफर लेटर आल्यावर दीड लाख, बाकीचे व्हिसा लागला की. पहिला हप्ता जीपेने घेतला, पण कंपनीच्या खात्यात नाही, कुठल्याशा माणसाच्या वैयक्तिक नंबरवर. दुसरा रोख. आईच्या पाटल्या पतपेढीत ठेवून ते दीड लाख उभे केले होते. रोखीची पावती मागितली, तर ताईंनी एका डायरीत आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे नोंद राहते, काळजी नको."

महिन्याभरात दोन कागद आले. एक लिस्बनच्या कंपनीचं, दोन वर्षांच्या कामाचं ऑफर लेटर. दुसरा 'निफ'चा, म्हणजे तिथल्या कर खात्याने दिलेल्या नऊ आकडी नंबरचा. तो दाखवून सांगितलं गेलं, "बघा, तुमचं पोर्तुगालमध्ये रजिस्ट्रेशन झालंसुद्धा." हा नंबरही खरा होता. पण तो फक्त करासाठी असतो. पोर्तुगालमध्ये न राहणाऱ्या परदेशी माणसालाही प्रतिनिधीमार्फत तो काढता येतो. त्याच्यावर तिथे राहायचा हक्क मिळत नाही, काम करायचाही नाही. आपण पॅन कार्ड बघून कोणाला भारताचा रहिवासी समजत नाही, पण परक्या भाषेतला शिक्का मारलेला कागद हातात आला की माणूस दिपतो.

मग फॉर्म भरला त्यांच्याच माणसाने. माझ्या सह्या घेतल्या तेव्हा बरेच रकाने कोरे होते. नंतर फाइलची झेरॉक्स मिळाली तेव्हा कळलं की आत हॉटेलचं बुकिंग होतं, फिरण्याचा दिवसवार कार्यक्रम होता आणि माझ्या कंपनीच्या लेटरहेडवर माझी रजा मंजूर केल्याचं पत्र होतं. ते पत्र माझ्या कंपनीने कधी दिलंच नव्हतं. अर्जदार मी, सही माझी, त्यामुळे त्या कागदांची जबाबदारी कायद्याने माझ्यावर येते. शेंगेन व्हिसाच्या अर्जाची माहिती त्यांच्या संगणकात पाच वर्षं राहते. एजंट तोवर ऑफिसचं नाव बदलून दुसऱ्या सेक्टरला गेलेला असतो.

व्हिसा लागला त्या दिवशी पासपोर्ट हातात दिला नाही, फक्त स्टिकरचा फोटो पाठवला आणि उरलेले पैसे मागितले. माझ्या बायकोने तो फोटो मोठा करून बघितला. त्यावरच्या तीन गोष्टी प्रत्येकाने वाचायला शिकाव्यात. व्हिसाच्या प्रकाराच्या रकान्यात एकच अक्षर होतं : सी. प्रवेशाच्या रकान्यात ०१. मुक्कामाच्या रकान्यात २० दिवस. ती म्हणाली, "दोन वर्षांचं काम आणि व्हिसा वीस दिवसांचा?"

ताईंचं उत्तर तयारच होतं. "मॅडम, व्हिसा म्हणजे गेटपास. आत शिरलं की आपला माणूस तिथे कार्ड काढून देतो. सगळे असेच गेलेत."

"सगळे असेच गेलेत" हे त्यांचं म्हणणं एकेकाळी खरं होतं, आणि माझ्या मते सगळी फसवणूक त्याच खऱ्यावर उभी आहे. मी त्याच रात्री लिस्बनमधल्या आमच्या गावच्या मित्राला फोन लावला. तो २०२१ मध्ये गेलेला. त्याने सांगितलं ते असं. पोर्तुगालच्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात तेव्हा एक तरतूद होती. तिकडे तिला मॅनिफेस्टासाओ दे इंतेरेस्से म्हणत. देशात कायदेशीर प्रवेश केलेला माणूस, मग तो पर्यटक म्हणून का आलेला असेना, नोकरीचा करार करून आणि सोशल सिक्युरिटीत पैसे भरून तिथूनच रहिवासी परवाना मागू शकत होता. आमच्या गावची मुलं त्याच वाटेने गेली. कार्ड हातात यायला त्यांनाही वर्षं लागली, कारण २०२४ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्यात जवळपास चार लाख प्रकरणं तुंबलेली होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे नवं सरकार आलं आणि जूनच्या सुरुवातीला त्याने ही तरतूदच काढून टाकली. ४ जून २०२४ पासून ती वाट बंद आहे. त्या तारखेआधी अर्ज केलेल्यांची प्रकरणं चालू राहिली. नव्या माणसाने पर्यटक म्हणून उतरायचं आणि मग कार्डासाठी अर्ज करायचा, हे आता होत नाही.

"तुझा एजंट तुला माझी गोष्ट विकतोय," मित्र म्हणाला, "फक्त साल सांगत नाहीये."

आता सरळ मार्ग कसा असतो तेही सांगतो, कारण तो माहीत असला की खोटं पटकन पकडता येतं. सी प्रकारचा शेंगेन व्हिसा थोड्या मुक्कामाचा असतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही स्टिकरवर लिहिलेत तेवढेच. राहून नोकरी करायची असेल तर लागतो राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी प्रकारचा, आणि तो निघण्याआधी इथूनच काढावा लागतो. पोर्तुगालचा रहिवासासाठीचा डी व्हिसा साधारण चार महिन्यांचा असतो. त्या मुदतीत तिथे जाऊन आइमा या खात्याकडून रहिवासी परवाना घ्यायचा. हे खातं २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस सुरू झालं, त्याआधी हे काम सेफ नावाचं खातं बघायचं. पोलंडला तर वर्क परमिटचा अर्ज तिथला मालक करतो, त्यानंतर आपण इथून डी व्हिसा मागायचा आणि तिथे पोचल्यावर मुदत संपायच्या आत कार्डासाठी अर्ज करायचा. देशागणिक बारकावे वेगळे आहेत. पण युरोपात कामाला जायचं आणि पासपोर्टवर सी असेल, तर तिथेच थांबा. वर्क परमिट, व्हिसा आणि रहिवासी परवाना हे तीन वेगळे कागद आहेत, तीन वेगळ्या जागी मिळतात. एजंट बोलताना ते मुद्दाम एकात एक मिसळतो.

आणि वीस दिवस संपल्यावर काय? ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू केली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन आल्या-गेल्याची तारीख संगणकात जाते. मुदतीपेक्षा जास्त राहिलेला माणूस आपोआप दिसतो. पूर्वी "शिक्का पुसट आहे" म्हणून निभावलं असेल, आता ते दिवस गेले. कागदाविना राहणाऱ्याला तिथे कमी पगारात राबवून घेणारे टपलेलेच असतात, आणि तो तक्रारीला जाऊ शकत नाही. मित्राच्या खोलीवर असा एक पंजाबकडचा मुलगा राहतो. परत यायलाही घाबरतो, कारण परत आला की पुढच्या प्रवेशाला बंदी लागेल.

मी तिकीट काढलं नाही. ऑफिसात जाऊन पैसे परत मागितले. तेव्हा त्यांनी करारपत्र पुढे केलं. त्यात 'व्हिजिट व्हिसासाठी सल्ला व कागदपत्र सहाय्य' एवढंच लिहिलेलं होतं. नोकरी, वर्क परमिट, कार्ड, यातला एक शब्द नव्हता. सगळी आश्वासनं तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर. आणि व्हॉट्सॲपवर त्यांनी सुरुवातीलाच मेसेज चोवीस तासांनी आपोआप पुसले जातील अशी सेटिंग करून ठेवली होती. बायकोच्या हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. ती रोज रात्री दुसऱ्या फोनने चॅटचे फोटो काढायची, व्हॉइस नोट स्पीकरवर लावून रेकॉर्ड करायची. "जाताना टुरिस्ट, तिकडे आपण वर्क करून घेऊ" हे ताईंच्याच आवाजात आज आमच्याकडे आहे, ते तिच्यामुळे. समोरच्याने मेसेज पुसायची सेटिंग चालू केली, तर तिथून पुढे एक रुपयाही देऊ नका.

आता त्या फ्रेमांविषयी. गुमास्ता, जीएसटी आणि उद्यम ही कुठल्याही दुकानाची कागदपत्रं आहेत. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची असतील तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते, आणि ती नसताना हा धंदा करणं गुन्हा आहे. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही फुकट बघता येते. बेकायदा एजंटांची यादीही मंत्रालय प्रसिद्ध करतं. शिवाय नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून घेता येतात जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. माझ्याकडे मागितलेले ४ लाख ६० हजार या एका नियमासमोर ठेवून बघा. म्हणूनच ही मंडळी स्वतःला रिक्रूटमेंट एजंट म्हणवत नाहीत, 'कन्सल्टंट' म्हणवतात. पण नोकरीचं आमिष दाखवून पैसे घेतले, तर पाटीवर काय लिहिलंय याने फरक पडू नये, हे मी तक्रारीत ठळक मांडलं आहे.

तक्रार तीन ठिकाणी केली. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली, म्हणजे पूर्वीच्या ४२० खाली, अर्ज दिला. बीकेसीच्या विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचं बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं कार्यालय आहे, तिथे करारपत्र आणि ऑफर लेटर जोडून लेखी दिलं. ग्राहक आयोगाचीही तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि वकिलाच्या खर्चाच्या धास्तीने लोक गप्प बसतात. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर लगेच फोन करा. तिथे उशीर झाला की रक्कम पुढे निघून जाते. माझे पैसे अजून परत आलेले नाहीत. पाटल्या पतपेढीतच आहेत, व्याज चालू आहे. अर्ज दिल्यावर मात्र एजंटाकडून "बसून मिटवू" असे फोन येऊ लागले. अजून काहींनी पैसे भरलेत आणि ते माझ्याशी बोललेत, पण पुढे यायला कचरतात. काहींच्या घरच्यांना अजून काही माहीतच नाही. त्यांना माझी विनंती आहे, घरी सांगा. एकट्याच्या अर्जापेक्षा चार अर्ज एकत्र आले की त्यातला सारखेपणा तपास करणाऱ्याला दिसतो.

ज्यांचा पासपोर्ट अजून अशा ऑफिसात पडून आहे त्यांनी पैशाचं बोलणं काढण्याआधी तो ताब्यात घ्यावा. मी बँकेच्या केवायसीला मूळ प्रत लागते असं सांगून आणला, आणि पैशाचा विषय दुसऱ्या दिवशी काढला. देत नसतील तर लेखी मागा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, तो अडवून ठेवायचा कोणाही खासगी एजंटाला अधिकार नाही. पोलिसांत देण्याच्या अर्जात हे वाक्य कलमासकट घाला, आणि अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.