एकाच तारखेला दोन पेपर: कोणता द्यावा, कोणता सोडावा?

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेला शिकवतो. काही उन्हाळ्यांपूर्वी ओझरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने माझ्या टेबलावर दोन हॉल तिकिटे शेजारी शेजारी ठेवली. एक बी.कॉम.च्या सहाव्या सत्राचे होते, दुसरे सी.ए.च्या मधल्या टप्प्याचे, म्हणजे इंटरमिजिएट परीक्षेच्या पहिल्या गटाचे. तारीख एकच, दोन्हींवर वेळ दुपारी दोनची, आणि केंद्रे गंगापूर रोड व नाशिक रोड अशी शहराच्या दोन टोकांना. “सर, विद्यापीठ माझा एक पेपर वेगळा घेईल ना?” असे तिने विचारले. तेव्हापासून हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून हा आढावा.

प्रथम हे पाहावे की पेच एकाच संस्थेच्या आत पडला आहे की दोन संस्थांमध्ये. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा चालू सत्राचा पेपर आणि त्याच विद्यापीठाचा बॅकलॉगचा, म्हणजे मागच्या सत्रात राहिलेला, पेपर एकाच वेळी आला असेल, तर वेळापत्रक एकाच परीक्षा विभागाच्या हातात असते. अशा वेळी महाविद्यालयामार्फत तातडीने लेखी अर्ज केल्यास मार्ग निघण्याची शक्यता असते. दोन वेगळ्या संस्थांच्या परीक्षा एकमेकींवर आल्या तर मात्र एका विद्यार्थ्यासाठी कोणीही तारीख हलवत नाही. २५ ऑगस्ट २०२४ रोजी होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा बँक भरतीच्या परीक्षेशी जुळून आली आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ती पुढे ढकलली हे खरे. पण त्यामागे पुण्यात रस्त्यावर उतरलेले असंख्य उमेदवार होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास परवानगी दिल्यापासून हा पेच वाढला आहे. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गातले असतील तर तासिका एकमेकींवर येऊ नयेत, अशी अट त्यात आहे. परीक्षांच्या तारखा जुळवून देण्याची जबाबदारी मात्र कोणावरच टाकलेली नाही. प्रवेश घेताना विद्यार्थी मात्र तारखा कोणीतरी जुळवून देईल असे गृहीत धरतात, आणि मला त्याची काळजी वाटते.

नियमित पदवीचा सत्रान्त पेपर चुकला तर गुणपत्रिकेवर गैरहजर अशी नोंद होते आणि तो विषय बॅकलॉग म्हणून राहतो. अंतर्गत मूल्यमापनाचे मिळालेले गुण सहसा कायम राहतात. परीक्षेचा अर्ज आणि शुल्क पुन्हा भरून तेवढाच एक पेपर पुढच्या संधीला द्यावा लागतो. म्हणजे नुकसान एका विषयापुरते असते. मात्र तो पेपर शेवटच्या सत्राचा असेल, तर पदवीच काही महिने लांबते आणि त्या वर्षीचा पदव्युत्तर प्रवेश हातचा जाऊ शकतो. स्वायत्त महाविद्यालयांचे परीक्षानियम त्यांचे स्वतःचे असतात आणि काही ठिकाणी निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा होते, त्यामुळे तेथील विद्यार्थ्याने विद्यापीठाचा नव्हे, आपल्या महाविद्यालयाचा नियम वाचावा.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, जे १९८९ पासून आपल्याच नाशिकमध्ये आहे, नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी उभे राहिले. तेथे राहिलेला पेपर नोंदणीच्या मुदतीत पुन्हा देता येतो आणि त्यामुळे वर्ष वाया गेल्याची भावना तितकी बोचत नाही. नियमित पदवी आणि मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम यांच्यात पेच पडला, तर माझा सल्ला बहुतेक वेळा नियमित पेपर देण्याचाच असतो. फक्त नोंदणीची मुदत संपत आलेली नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

सी.ए.चे गणित वेगळे आहे. इंटरमिजिएटच्या नव्या रचनेत दोन गटांचे प्रत्येकी तीन पेपर असतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के मिळावे लागतात. एक पेपर सोडला की त्या प्रयत्नापुरता तो अख्खा गट जातो. त्याहून मोठा फटका असा की एखाद्या पेपरात ६० गुण मिळाल्यास तो पेपर पुन्हा न देण्याची जी सूट मिळते, तीही गटातले सर्व पेपर दिले असतील तरच मिळते. उरलेल्या दोन पेपरांत उत्तम लिहिले तरी हाती काही राहत नाही. दिलासा एवढाच की २०२४ पासून इंटरमिजिएट परीक्षा वर्षातून तीनदा होते.

हाच हिशेब मी त्या मुलीबरोबर कागदावर मांडला. बी.कॉम.चा पेपर सोडला तर एक विषय आणि काही महिने जाणार होते, सी.ए.चा सोडला तर तीन पेपरांची तयारी जाणार होती. फाउंडेशनच्या, म्हणजे बारावीनंतरच्या सी.ए. प्रवेश परीक्षेच्या मार्गाने आल्यामुळे पुढच्या टप्प्यासाठी तिला पदवीची घाई नव्हती, म्हणून तिने बी.कॉम.चा पेपर सोडला आणि पुढच्या संधीला तो उत्तीर्ण केला. त्याच वर्षी एम.बी.ए.ला प्रवेश घ्यायचा असता, तर मी तिला नेमके उलटे सांगितले असते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, म्हणजे नाशिकमधल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा देणाऱ्यांनी, एवढे ध्यानात ठेवावे की पहिल्या एम.बी.बी.एस.साठी चारच प्रयत्न मिळतात आणि विषयातला एक भाग देऊन दुसरा सोडला तरी तो प्रयत्न मोजला जातो.

आजारपणाबाबत गैरसमज फार आहेत. वैद्यकीय प्रमाणपत्र हजेरीसाठी आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत चाचणीसाठी उपयोगी पडते. विद्यापीठाचा लेखी पेपर मात्र त्याच्या जोरावर सहसा पुन्हा घेतला जात नाही. २०२० मध्ये करोनाकाळात अंतिम वर्षाची परीक्षा देऊ न शकलेल्यांसाठी विशेष परीक्षेची तरतूद झाली होती, पण ती त्या वर्षापुरतीच. हात मोडला असेल तर पेपर सोडण्यापूर्वी लेखनिकासाठी अर्ज करावा.

वेळापत्रक एकदा पाहून निर्धास्त होऊ नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीमुळे सी.ए. इंटरमिजिएटच्या पहिल्या गटाचा ७ मेचा पेपर ९ मेला गेला. अशा एका बदलाने आधी मोकळी असलेली तारीख भरून जाते. पेच दिसताच दोन्ही हॉल तिकिटांच्या प्रती जोडून महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात अर्ज द्यावा आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. नुसत्या तोंडी बोलण्याची नोंद कोठेच राहत नाही.