स्कुबाचा हार्नेस, 'पॅराशूटवाला' कारागीर आणि माझे 11,550 रुपये

11,550 रुपयांना फसलो, हा आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला सांगायला जावं तो पहिले तेच विचारतो आणि मग "नागपुरात स्कुबा?" (म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली जाणं) म्हणून हसतो. हसा. नागपुरात समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. सराव स्विमिंग पूलमध्ये होतो, डाइव्ह मालवणला नाहीतर अंदमानला.

माझ्याकडे बॅकप्लेट (सिलिंडर धरणारी पाठीवरची कडक पाटी) आणि विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) आहे. त्याचा हार्नेस म्हणजे दोन इंची नायलॉनचा सलग एकच पट्टा, खांद्यावरून काखेखाली येऊन कमरेच्या बकलात अडकणारा. मजबूत, पण खांद्यावर उघडायला काहीच नाही. त्यातून हात मागे वाकवून निसटावं लागतं, आणि माझा उजवा खांदा फ्रोझन शोल्डरने धरलेला. लहान होडीवर चढायचं तर सगळं सामान पाण्यातच उतरवून वर द्यावं लागतं. म्हणून उजव्या खांद्यावर एक क्विक रिलीज, म्हणजे चटकन उघडणारं, बकल आणि क्रॉच स्ट्रॅपला (मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्याला) दुसरं, एवढंच करून हवं होतं. असं बरेच जण करून घेतात. काही जुने डायव्हर नाक मुरडतात, जोड वाढला की तुटायची जागा वाढली म्हणतात. त्यांचं त्यांच्यापाशी.

हिंगणा रोडकडे ट्रेकिंगच्या बॅगा आणि बेल्ट शिवणारा एक जण आहे, असं कळलं. नाव देत नाही, वकिलाने नको म्हटलंय. "आम्ही फौजीचे पॅराशूट शिवतो जी, तुमचा हा पट्टा म्हणजे काय हो!" भिंतीवर लष्करी गणवेशातल्या कोणासोबत तरी फोटो. हे असं ऐकलं की उठून चालायला लागा. ज्याला खरंच येतं तो आधी धागा कोणता, शिलाई कशी, हे विचारतो. याने विचारलं ते फक्त, "यूपीआय करता का?"

ॲडव्हान्स 3,500. मग 'बाहेरून येणाऱ्या 316 स्टीलच्या' (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) बकलांचे 4,800. मग "कस्टममध्ये अडकलं भाऊ, टेन्शन नका घेऊ, येऊनच राहिलं," त्याचे 1,250. नेताना शेवटचे 2,000. कस्टमचे पैसे मागितले तेव्हाच कळायला हवं होतं, असं आता प्रत्येक जण सांगतो. पण तोवर माझा हार्नेस, बकल आणि डी-रिंगसकट (सामान अडकवायच्या D आकाराच्या कड्या), त्याच्या ताब्यात होता. तुम्ही काय केलं असतं?

मला छळतो तो दुसराच क्षण. घ्यायला गेलो तेव्हा पट्ट्याचं एक टोक लांब राहिलेलं. त्याने ते कापलं आणि सुटू नये म्हणून लायटरने शेकलं. ज्योत टेकली न टेकली तोच टोक वितळून गोळा झालं आणि विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला. नायलॉन असा वास देत नाही आणि इतक्या लवकर वितळतही नाही. मेणाचा वास पॉलिप्रोपिलीनचा, गोण्या आणि स्वस्त बॅगांच्या पट्ट्यांचा. मी तिथेच, हातभर अंतरावर उभा होतो. नाकात वास गेला, आणि मी मात्र त्याच्या गणपतीसमोरच्या दिव्याकडे पाहिलं! दुकानात दिवा लावलेला असताना मेणाच्या वासाचा संशय कोण घेईल? पट्टा काळा, दोन इंची, हाताला तसाच. डोळ्यांनी ओळखून दाखवा.

ओळखायची रीत सोपी आहे. पट्ट्याचा तुकडा बादलीत टाकून बुडवा. नायलॉन पाण्यापेक्षा जड, तळाला जातं. पॉलिप्रोपिलीन हलकं, वर येऊन तरंगतं. तुकडा देत नसेल तर काम देऊ नका.

पूलमध्ये सिलिंडर पाठीवर घेतला. ॲल्युमिनियमचा, भरलेला, म्हणजे 16-17 किलो. कमरेच्या बकलातून पट्टा आपोआप सरकू लागला, कारण पॉलिप्रोपिलीनचा पट्टा गुळगुळीत असतो, बकलाचे दात धरत नाहीत. खोल बाजूला खांद्याची शिलाई उसवली आणि सिलिंडर डाव्या कुशीवर लोंबकळला. ट्रेनर शेजारी होता म्हणून बरं. हेच 18 मीटरवर झालं असतं तर? धागा साधा सुती होता. कापसाच्या गावात राहून सुती धाग्यावर लोंबकळलो.

दुसऱ्या दिवशी डी-रिंगवर तांबूस ठिपके. चुंबक लावला, खट्कन चिकटला. (चुंबकाने 304 आणि 316 या स्टेनलेस स्टीलच्या दोन प्रकारांतला फरक कळत नाही, तो दोघांनाही जवळपास चिकटत नाही. पण मुलामा दिलेलं लोखंड पकडलं जातं.) मग लक्षात आलं, या रिंगा माझ्या नव्हत्याच. माझ्या अस्सल रिंगा आणि कमरेचं बकल त्याने काढून ठेवलं होतं. काम करायला देताना प्रत्येक भागाचा फोटो काढा, जुनं सामान परत द्यायचं हे लिहून घ्या.

आता आपली यंत्रणा. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "हे स्कुबा म्हणजे ते मोटरसायकलचं का?" समजावलं. दुसरा प्रश्न, "मग अंबाझरीत बुडायला चालले होते का?" हशा. मी म्हटलं, साहेब, वस्तू बदलून दिली, ही फसवणूक आहे. पूर्वीचं 420, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318. तर म्हणतात, कायदा आम्हाला शिकवता? हे दिवाणी आहे, एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन जा. यूपीआय आहे म्हणून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माल मिळाला ना, मग सायबर कसं? ग्राहक आयोगात जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. प्रत्येक टेबलावर तोच अर्ज, तीच झेरॉक्स, आधार कार्डाची आणखी एक प्रत आणि "उद्या या, साहेब बंदोबस्तात आहेत." फसवणाऱ्याने निदान चहा तरी पाजला होता!

शेवटी ग्राहक तक्रार ऑनलाइन टाकली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षं, वकील सक्तीचा नाही. हे मला एकाही टेबलावर कोणी सांगितलं नाही. पक्कं बिल असलं तर बरं. त्याने मला "बिल पाहिजे तर 18 टक्के अलग" म्हणत एक चिठ्ठी दिली, तिच्यावर फक्त 'पट्टा रिपेर'. चॅट आणि यूपीआयच्या पावत्या आहेत, त्यावरच लढतोय.

खांद्यावर बकल बसवायचंच असेल तर स्कुबाचं सामान बनवणाऱ्या कंपनीचं तयार घ्या. पहिल्यांदा पूलमध्ये वापरा. पाण्यात उतरवताना आधी विंगमध्ये हवा भरा, मगच पट्टे सोडा. रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो ते, तोंडातून सगळ्यात शेवटी काढा.

आणि माझ्या मूळ कमरेच्या बकलावर आतल्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हरचा आडवा ओरखडा आहे. सेकंडहँड विकायला आलेलं कोणाला दिसलं, तर फोटो काढून कळवा. आयोगापुढे पुरावा म्हणून लागेल.