आधी प्रमाणपत्र की आधी शाळा? अध्ययन अक्षमता असलेल्या मुलासाठी दोन मार्गांची तुलना

मूल वाचन-लेखनात सातत्याने मागे पडत आहे हे लक्षात आल्यावर महाराष्ट्रातील पालकांपुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. सरकारी रुग्णालयात तपासणी करून अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवायचे आणि त्याच्या आधारे सवलती मागायच्या, हा एक. प्रमाणपत्राची वाट न पाहता मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांशी बोलून वर्गातच मदत सुरू करून घ्यायची, हा दुसरा. बहुतेक पालक पहिला मार्ग धरून थांबतात, आणि माझ्या मते मुलाचे सर्वाधिक नुकसान या थांबण्यातच होते.

प्रमाणपत्राचे मोल कमी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास ६ ते १८ वयोगटातील मुलाला नजीकच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. लेखनिक, परीक्षेत जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कलम १७ मध्ये आहे. जादा वेळ ताशी किमान २० मिनिटे असावा, असे केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. मात्र हे प्रमाणपत्र साधारणतः ८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, १४ व्या वर्षी फेरतपासणी करावी लागते, आणि या सवलतींचा मुख्य उपयोग परीक्षेच्या दालनात होतो. ‘घर’ला ‘धर’ वाचणाऱ्या तिसरीतल्या मुलाला जादा २० मिनिटे वाचायला शिकवणार नाहीत.

ते काम वर्गातच व्हावे लागते, आणि त्यालाही कायद्याचा आधार आहे. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन पद्धती योजण्याची अपेक्षा कलम १६ मध्ये अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांबाबत व्यक्त झाली असून तिथे ४० टक्क्यांची अट नाही. या मार्गाचा कच्चा दुवा वेगळाच आहे: तोंडी आश्वासन जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले की विरून जाते. म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ‘मुलगा अभ्यासात कच्चा आहे’ असे लिहिल्यास शाळा शिकवणी लावण्याचा सल्ला देऊन मोकळी होते. ‘फळ्यावरचा मजकूर उतरवताना तास संपतो, काना-मात्रा सुटतात, परंतु तोंडी विचारल्यास उत्तर बरोबर येते’ असे लिहिल्यास छापील टिपणे, तोंडी उत्तरांची मुभा आणि विशेष शिक्षकाचा ठरावीक तास या मागण्या त्यातूनच पुढे येतात. त्यासोबत आढाव्याची तारीखही लिहून घ्यावी. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवून दिले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतील विशेष शिक्षकांची मदत तालुक्याच्या गटसाधन केंद्रामार्फत मागता येते.

निवड वयानुसार बदलते. मूल ८ वर्षांहून लहान असेल तर शाळेचाच मार्ग धरावा. चौथी ते सातवीत दोन्ही प्रक्रिया एकत्र चालवाव्यात, कारण शाळेने केलेल्या नोंदी आणि मुलाच्या वह्या रुग्णालयातील तपासणीतही उपयोगी पडतात. नववीत पोहोचलेल्या मुलासाठी मात्र मी प्रमाणपत्राला अग्रक्रम देईन. दहावीच्या परीक्षा मंडळाच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, आणि तेव्हा झालेला उशीर भरून काढता येत नाही.

शाळेने उत्तरच दिले नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, म्हणजे पुण्यातील कार्यालयाकडे, तक्रार करता येते. तक्रारीसोबत पोच घेतलेल्या अर्जाची प्रत जोडावी.