कबुतरांचे डिकॉय: शेल घ्यायचे का फुल-बॉडी?
इंग्लंडात वुडपिजन (तिथली रानकबुतरं) पिकावर तुटून पडले की शेतकरी बंदूकवाल्या शूटर्सना बोलावतात, आणि मग डिकॉयचा, म्हणजे खऱ्या कबुतरांना भुलवून खाली उतरवणाऱ्या नकली कबुतरांचा, वाद सुरू. शेल म्हणजे प्लास्टिकची अर्धी पोकळ कबुतरं, एकात एक बसतात, डझनभर सहज पिशवीत मावतात, काडीवर लावली की वाऱ्यात डुलतात पण पावसात भिजली की पाठ चकाकते आणि वरून येणारं कबुतर तिथूनच वळतं. फुल-बॉडी म्हणजे अख्खं कबुतर, त्यावर मखमली थर दिलेला असेल तर चकाकत नाही, लांबून एकदम खरं वाटतं, फक्त जागा खातात आणि महाग पडतात. मी शेलच घेईन, मानेवरचा पांढरा डाग ठळक असला की झालं. बाकी कुठलेही घ्या, तोंडं साधारण वाऱ्याकडे, मांडणी घोड्याच्या नालेसारखी आणि मध्ये उतरायला मोकळी जागा हवीच!